पैसे कट झाले पण पोचले नाहीत, घोडं कुठे पेंड खातंय तेवढं तरी सांगा

खुलं पत्र, सगळ्या बँकांच्या डिजिटल विभागांना आणि पेमेंट ॲप चालवणाऱ्यांना

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

मी ठाण्याला नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवते. मी, माझी जाऊ आणि पोळ्या लाटायला तिघीजणी. सकाळचे डबे वेगळे, पण खरी गर्दी संध्याकाळी सहानंतर, स्टेशनवरून चालत येणारी माणसं, खांद्याला बॅग, हातात मोबाइल, सहा पोळ्या आणि पाव किलो सुकी भाजी, सव्वाशे-दीडशेचं बिल, स्कॅन करायचं आणि निघायचं. रोख देणारं माणूस आता क्वचित दिसतं, सुट्ट्या पैशांची कटकट गेली, गल्ल्यात रात्री मोजायला फार काही नसतं, हे सगळं मला मनापासून आवडतं हे आधीच सांगते. मला यूपीआय नकोय असं नाही. मला ते नीट हवंय म्हणून लिहितेय.

होळीच्या दिवशीची गोष्ट सांगते. संध्याकाळी साडेसहाची वेळ, पुरणपोळीला रांग रस्त्यापर्यंत गेलेली. आमच्याकडे सात वर्षं येणारे एक काका, त्यांनी सोळा पुरणपोळ्या घेतल्या, चाळीसची एक, सहाशे चाळीस झाले. स्कॅन केलं, पिन टाकला, स्क्रीनवर गोल गोल फिरत राहिलं. आमचा साउंडबॉक्स गप्प. मग त्यांना बँकेचा मेसेज आला की ६४० कट झाले. ते मला मेसेज दाखवतायत, मी त्यांना माझा मोबाइल दाखवतेय की काका आमच्याकडे आलेले नाहीत अजून, मागून लोक म्हणतायत अहो जरा बाजूला होऊन बोला. पाच मिनिटं झाली. शेवटी ते म्हणाले, म्हणजे मी खोटं बोलतोय का? मी म्हटलं तसं नाही हो काका, पण मी तरी काय करू. त्यांनी खिशातून पाचशेची आणि दोन शंभराच्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या, साठ रुपये परत घेतले आणि मान वर न करता निघून गेले.

रात्री अकरा चाळीसला माझ्या मोबाइलवर मेसेज आला, ६४० जमा.

माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता, घर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी येतील म्हणून पाकिटात सहाशे चाळीस घालून ठेवले. ते आलेच नाहीत. तीन आठवड्यांनी गावदेवीच्या भाजी मार्केटपाशी दिसले तेव्हा मी धावत जाऊन गाठलं. ते म्हणाले, मी बँकेत जाऊन आलो, तिथे सांगितलं की पैसे समोरच्याला पोचलेत, म्हणून मला वाटलं ताई तुम्ही मुद्दाम नाही म्हणालात. तीन आठवडे त्या माणसाच्या मनात मी चोर होते. आणि त्या संध्याकाळी रांगेतल्या लोकांच्या मनात ते लबाड होते. दोघंही खरं बोलत होतो हो. आमच्या दोघांच्या मध्ये तुमची जी यंत्रणा होती तिने त्या पाच मिनिटांत एक वाक्य खरं सांगितलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

त्या दिवसापासून मी गल्ल्याशेजारी दोनशेपानी वही ठेवलीय. पेमेंट अडकलं की तारीख, वेळ, रक्कम आणि गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर काय शब्द आले ते लिहायचे. ही सवय जुनी आहे, लग्नाआधी सहा वर्षं मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरला होते, तिथे दिवसअखेर एक रुपया जुळला नाही तरी मॅनेजर कोणाला घरी सोडत नसत, सगळ्यांनी मिळून व्हाउचर शोधायचं. त्यामुळे पैसा एका खात्यातून निघाला आणि दुसऱ्यात दिसत नाही ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही. माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला खोदून खोदून विचारलं, रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर प्रिंट काढून वाचलं, आणि मग मला थोडं थोडं कळायला लागलं.

कळलं ते असं. गिऱ्हाईक स्कॅन करतो तेव्हा ते पैसे माझ्याकडे सरळ येत नाहीत. त्याचं ॲप, ॲपच्या मागे एक बँक, तिथून एनपीसीआयचा (यूपीआय चालवणारी संस्था) स्विच, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारी मधली यंत्रणा, स्विचकडून गिऱ्हाइकाच्या बँकेला निरोप की एवढे कट करा, ती हो म्हणाली की परत स्विच, मग माझ्या बँकेला निरोप की एवढे जमा करा, तिचं उत्तर परत स्विचला, आणि मग दोन्हीकडच्या ॲपला. स्लॅब पडताना घमेली हातोहात देतात ना तसं. सगळं काही सेकंदांत. या रांगेतल्या एकाने जरी हात पुढे करायला उशीर केला तर घमेलं मध्येच लटकतं. पैसे कट होण्याआधी लटकलं तर फार नुकसान नाही, परत स्कॅन करायचं. कट झाल्यावर आणि जमा होण्याआधी लटकलं की रडारड. माझ्या बँकेने जमा केलं की नाही याचं उत्तर वेळेत आलं नाही तर तो व्यवहार डीम्ड ॲप्रूव्ड धरतात म्हणे, म्हणजे पोचलेच असं समजायचं, आणि नंतर हिशोब जुळवायचा. काकांच्या बाबतीत भाच्याच्या मते हेच झालं. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार फसलेला नव्हताच. पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला पाच तासांनी जुळलेला हिशोब काय कामाचा?

आता आमच्या बाजूची चूक पण सांगते, कारण सगळाच दोष तुमच्यावर ढकलणं बरोबर नाही. तुमच्याकडे फसलेल्या व्यवहारांचे दोन ढीग करतात, एक टेक्निकल डिक्लाइन म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, बँकेची सिस्टिम, आणि दुसरा बिझनेस डिक्लाइन म्हणजे पिन चुकला, खात्यात पैसे नाहीत, लिमिट संपलं. या दुसऱ्या ढिगातलं बरंच आमच्या हातात आहे. पिन तीनदा चुकला की बहुतेक बँका दिवसभर लॉक करतात. नवीन मोबाइल घेतला की पहिले चोवीस तास पाच हजारांच्या वर जात नाही, हे कोणाला माहीतच नसतं, आमच्याकडे साखरपुड्याच्या ऑर्डरचे सात हजार द्यायला एक मुलगा आला होता, नवा कोरा फोन, चार वेळा फेल, घामाघूम झाला बिचारा. बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये नसेल तर अडतं, ॲप वर्षभर अपडेट केलं नसेल तर अडतं. हे आम्ही सुधारू, मी तर काउंटरवर कागद चिकटवलाय की पेमेंट अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा करू नका, आधी मेसेज बघा.

पण तुम्ही सांगा, आम्हाला कळणार कसं की यातलं कुठलं झालं? माझ्या वहीत स्क्रीनवरची वाक्यं आहेत. समथिंग वेंट राँग. प्लीज ट्राय आफ्टर सम टाइम. ट्रान्झॅक्शन डिक्लाइन्ड. यातून एखाद्या माणसाने काय समजायचं? आणि वाईट याचं वाटतं की तुमच्या सिस्टिमला कारण माहीत असतं. प्रत्येक नापास व्यवहाराला कोड असतो, झेडएम म्हणजे पिन चुकीचा, झेड-९ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, यू-३० म्हणजे डेबिटच झालं नाही. कारण तुमच्या टेबलावर येतं आणि आमच्यापर्यंत येता येता त्याचं समथिंग होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, घोडं कुठे पेंड खातंय ते मराठीत, मोठ्या अक्षरात, त्याच स्क्रीनवर लिहा. पैसे तुमच्या खात्यातून गेलेले नाहीत, पुन्हा पेमेंट करायला हरकत नाही. किंवा, पैसे गेलेत, दुकानदाराच्या बँकेकडून उत्तर यायचंय, पुन्हा पाठवू नका. ही दोन वाक्यं जरी आली ना तरी अर्धी भांडणं मिटतील. आणि गिऱ्हाइकाला जे दिसतं तेच मलाही त्याच वेळी दिसायला हवं. माझा साउंडबॉक्स पैसे आले की ओरडतो, चांगली गोष्ट आहे, मग सहाशे चाळीस रुपये वाटेत आहेत असंही त्याला बोलता येईल की. मग मी काकांना म्हटलं असतं, काका घेऊन जा पोळ्या, येतायत पैसे.

दोनदा पेमेंट होण्याचं पण तसंच. एकाच दुकानाला, तीच रक्कम, दोन मिनिटांच्या आत, आणि आधीचं अजून लटकलेलं, तर ॲपने पिन मागण्याआधी थांबवून विचारलं पाहिजे की आधीचे १३० रुपये अजून मधेच आहेत, खरंच पुन्हा पाठवायचे का. काही ॲप हे करतात असं ऐकलंय, माझ्या काउंटरवर मात्र मी फारसं पाहिलेलं नाही.

१२ एप्रिल २०२५ आठवतो का? शनिवार होता, हनुमान जयंती. आमच्याकडे प्रसादाच्या शिऱ्याच्या ऑर्डरी आणि दुपारी देशभर यूपीआय ठप्प. नंतर कारण बाहेर आलं ते वाचून मी थक्क झाले. काही बँकांच्या सिस्टिम मधल्या स्विचला सारखं विचारत होत्या की त्या व्यवहाराचं काय झालं, त्या व्यवहाराचं काय झालं, अगदी जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, आणि त्या विचारण्याच्याच ओझ्याने सगळं मंदावलं. म्हणजे बघा, काय झालं हे न कळल्यामुळे जी अस्वस्थता आम्हाला होते तीच तुमच्या मशीनला पण होते. त्यानंतर नियम आले, जून २०२५ मध्ये उत्तर द्यायची वेळ तीस सेकंदांवरून पंधरावर आणली, आणि ऑगस्ट २०२५ पासून लटकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, दोन चौकश्यांमध्ये नव्वद सेकंद, बॅलन्स एका ॲपवर दिवसाला पन्नास वेळाच बघायचा, ऑटोपेचे, म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप कट होणारे हप्ते गर्दीची वेळ सोडून. गर्दीची वेळ धरलीय सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ. वाचल्यावर मी वही उघडून बघितली, माझ्या जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते नऊमधल्या आहेत, त्यातही महिन्याची पहिली तारीख आणि सणाचा आदला दिवस. म्हणजे ओझं कधी येतं हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. मी होळीला दोन बायका जास्तीच्या बोलावते, पुरण आदल्या रात्री शिजवून ठेवते. तुम्हीही सणाच्या आदल्या दिवशी सर्व्हरची ताकद वाढवून ठेवा, आणि मेन्टेनन्स असेल तर तो रात्री दोनला करा आणि आम्हाला आदल्या दिवशी मेसेज करा. जाहिरातीचे मेसेज तर रोज येतात.

आता पैशाचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू. त्यात लिहिलंय की यूपीआयने एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेले पैसे कट झाले आणि पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नाही तर पाच दिवसांत. एटीएममधून पैसे न येता खात्यातून कट झाले तरी पाच दिवस. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये बँकेने द्यायचे. आणि ते गिऱ्हाइकाने तक्रार करायची वाट न बघता, आपणहून खात्यात जमा करायचे. सहा-सात वर्षं झाली या नियमाला. मी आमच्या इथे येणाऱ्या माणसांना विचारते, अजून एकही असा भेटला नाही ज्याला हे शंभर रुपये न मागता मिळालेत.

माझंच सांगते. दुकानाचं भाडं मी मालकाच्या पर्सनल खात्यावर पाठवते, बारा हजार. एका सोमवारी पाठवले, कट झाले, मालकाला मिळाले नाहीत. परत आले पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. मधल्या दिवसांत मालकाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, शेवटी जावेच्या भिशीतले पैसे घेऊन भाडं दिलं. मी बँकेत गेले, बँकेचं नाव घेत नाही, काउंटरवरच्या मुलाने सांगितलं मॅडम वर्किंग डेज धरायचे असतात, शनिवार-रविवार सोडून. मी प्रिंट पुढे केलं. त्यात स्पष्ट आहे की व्यवहाराचा दिवस आणि पुढचे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे. सोमवारी पाठवले, मंगळवारपर्यंत यायला हवे होते, त्यापुढे आठ दिवस, म्हणजे आठशे रुपये. त्या मुलाचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं, त्याने प्रिंटचा फोटो काढून घेतला. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, बावीस दिवसांनी आठशे रुपये जमा झाले. मला मिळाले कारण मी पतसंस्थेत काम केलेलं आहे, मला अर्ज करायची आणि पोच मागायची सवय आहे. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या ताईंच्या खात्यातून एटीएमने दोन हजार कट केले आणि नोटा आल्याच नाहीत तेव्हा त्या म्हणाल्या, येतील तेव्हा येतील, बँकेशी कोण भांडणार. दोन हजार म्हणजे त्यांच्या घरचं महिन्याचं धान्य. नियम अशा माणसांसाठीच केलाय ना? मग पैसे परत करणारी सिस्टिम जशी आपोआप चालते तशीच शंभर रुपये मोजणारी पण आपोआप चालू करा, आणि मेसेजमध्ये लिहा की उशिरापोटी इतके जमा केले. एकदा तुमच्या खिशातून रोज शंभर जायला लागले की दुरुस्ती किती लवकर होते बघा.

तोपर्यंत वाचणाऱ्यांसाठी, कारण हे पत्र दुकानदार पण वाचतील: मेसेजमधला किंवा ॲपमधला बारा आकडी रेफरन्स नंबर जपून ठेवा, तक्रार आधी ॲपमध्येच त्या व्यवहारावर जाऊन करा, मग स्वतःच्या बँकेत लेखी, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो त्याच्याकडे, त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आणि कृपा करून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावू नका. पेमेंट अडकलेलं माणूस घाबरलेलं असतं आणि चोर त्याचीच वाट बघत बसलेले असतात, रिफंड देतो म्हणून पिन टाकायला लावतात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. बँकवाल्यांनो, हे नंबर ॲपमध्ये चार पडदे उलटल्यावर सापडतात, ते पेमेंट फेल झाल्याच्याच पडद्यावर द्या, म्हणजे माणूस बाहेर शोधायला जाणार नाही.

कार्डाचं आणि नेट बँकिंगचं थोडक्यात. लायसन्सची फी, लाइट बिल भरताना ओटीपी येतो तेव्हा पान एक्स्पायर झालेलं असतं. पैसे कट, पावती नाही. आमच्या स्वयंपाकघरात आत नेटवर्क कमी येतं, मी ओटीपीसाठी रस्त्यावर जाऊन उभी राहते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एसएमएसशिवाय दुसऱ्या सुरक्षित पद्धतींनाही मोकळीक आहे, तर जिथे मेसेज उशिरा येतात तिथे त्या लवकर आणा, पण साधा फोन वापरणाऱ्यांसाठी ओटीपी बंद मात्र करू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जांभळी नाक्यावरच्या मावशींची. मी पहाटे त्यांच्याकडून मेथी, शेपू, गवार घेते. त्यांच्या टोपलीपाशी क्यूआर आहे पण तो मुलाच्या नावाचा, मुलगा कामावर, मोबाइल त्याच्याकडे, साउंडबॉक्स नाही. गिऱ्हाईक हिरवी टिक दाखवतं आणि मावशी मान हलवतात. ती टिक खरी आहे की कोणी जुना स्क्रीनशॉट दाखवतंय की पैसे खरंच मध्ये अडकलेत, त्यांना रात्री मुलगा घरी आल्यावर कळतं. एका जुडीला वीस रुपये. चार पेमेंट अडकली तर त्यांची दिवसाची कमाई किती उरते याचा हिशोब तुम्हीच करा. त्यांना परवडेल असा बोलणारा डबा द्या, महिन्याचं भाडं न घेता. साध्या फोनवरून चालणारं यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे, पण त्यांच्या बँकेच्या शाखेत कोणी त्यांना ते करून दाखवलं असेल असं मला वाटत नाही. मी एकदा त्यांना म्हटलं शाखेत जाऊन या, तर म्हणाल्या, माल कोण बघणार, आणि तिथे काचेपलीकडचं बोललेलं मला ऐकू येत नाही.

यूपीआय लाइटचंही तसंच आहे, म्हणजे ॲपमधलंच छोटं पाकीट, आधी पैसे भरून ठेवायचे आणि त्यातून द्यायचे. सप्टेंबर २०२२ पासून आहे, आता एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात आणि त्यात एकूण पाच हजार ठेवता येतात. पिन लागत नाही, आणि पैसे देताना त्या क्षणी तुमच्या बँकेच्या मुख्य सर्व्हरला कट करायला सांगावं लागत नाही, त्यामुळे अडकायची एक जागाच कमी होते. माझं दीडशेचं बिल, मावशींची वीसची जुडी, रिक्षाचं भाडं, हे सगळं यातूनच व्हायला हवं. मी आमच्या नेहमीच्या लोकांपैकी ज्यांना जमेल त्यांना काउंटरवर चालू करून दिलंय, त्यांची पेमेंट गर्दीतही पटकन होतात. काहींना भीती वाटते की पिन नाही म्हणजे फोन हरवला की पैसे गेले, तर मी सांगते की दोन हजारच ठेवा, खिशातल्या पाकिटात असतात तेवढे. पण हे सांगणं माझं काम आहे का? माझ्या मागे तव्यावर पोळी असते.

तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून चार्ज घेत नाहीत, आणि सर्व्हर, माणसं, सुरक्षा याचा खर्च तुम्हाला येतोच. फुकटची गोष्ट कोण किती दिवस मनापासून सांभाळणार असं तुमच्यातले काही म्हणत असतील. पण सरकार त्यासाठी पैसे देतं. २०२४-२५ साठी १९ मार्च २०२५ ला १५०० कोटींची योजना मंजूर झाली, छोट्या दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या पेमेंटवर ०.१५ टक्के. त्यातली एक अट मला फार आवडली. ऐंशी टक्के रक्कम बिनशर्त, पण उरलेल्या वीसमधले दहा टक्के तेव्हाच जेव्हा बँकेचं टेक्निकल डिक्लाइन ०.७५ टक्क्यांच्या खाली असेल, आणि दहा टक्के सिस्टिम ९९.५ टक्क्यांच्या वर चालू असेल तरच. अशी अट असायलाच हवी, आणि मी म्हणेन वीसच्या जागी पन्नास टक्के करा. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार २००० कोटींच्या वर गेले, म्हणजे दिवसाला साधारण ६५ कोटी. त्यातले अर्धा टक्का जरी अडकले असं धरलं तरी रोज तीस लाखांहून जास्त वेळा कुठेतरी कोणीतरी काउंटरवर मोबाइल पुढे करून उभं असतं. टक्क्यात ते लहान दिसतं. काका त्याच अर्ध्या टक्क्यातले.

बँकवार किती पेमेंट तांत्रिक कारणाने फसतात याचे आकडे एनपीसीआय दर महिन्याला काढते. ते वेबसाइटवर पडून असतात, ते कोणी पोळी घ्यायला आलेला माणूस बघणार आहे का? पिन टाकायच्या आधी ॲपने दाखवा की तुमच्या या बँकेकडून आत्ता पेमेंट अडकतायत, दुसरं खातं वापरा. ज्याची दोन खाती आहेत तो बदलेल, ज्याचं एकच आहे तो रोख काढेल, निदान अंधारात उडी मारणार नाही. आणि ज्या बँकेचं नाव रोज तिथे दिसेल ती बँक सुधारेल.

काका परत यायला लागलेत. पण आता ते रोख देतात, मोजून, सुट्टे घेऊन येतात. मी त्यांना म्हटलं काका स्कॅन करा हो, काही होत नाही, तर म्हणाले नको ताई. मी आग्रह केला नाही. कशाच्या भरवशावर करणार होते?

वही माझ्याकडे आहे, अर्धी भरलीय. तुमच्यापैकी कोणाला बघायची असेल तर नौपाड्यात या, दुपारी तीन ते पाच मी मोकळी असते. संध्याकाळी आलात तर काउंटरच्या आत माझ्याशेजारी उभे राहा, सात ते नऊ.

आपली,
पोळीभाजी केंद्रवाली ताई
नौपाडा, ठाणे